मातीचा वास आणि टीबीची गोळी

मृगाचा पहिला पाऊस पडला, की तापलेल्या जमिनीतून एक वास येतो. तो तुम्हांला ठाऊक आहे. मालाड स्टेशनाबाहेरच्या डांबरावर पाऊस पडला तर तो येत नाही. मढ, एरंगळ, आक्सा, मनोरी इकडच्या अंगणांत मात्र दाटून येतो. भाताच्या खाचरात येतो, माडाच्या आळ्यात येतो.

पावसाच्या तोंडाला खाडीकाठच्या एका वर्गात आम्ही वाचन घेत होतो. होड्या शाकारून झाल्या होत्या. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. म्हणून बायकांबरोबर पुरुषमंडळीही वर्गाला येत. त्या संध्याकाळी पाऊस आला. सगळ्यांनी पुस्तके मिटली आणि दाराकडे पाहिले.

एक मावशी म्हणाल्या, "मास्तर, हा वास येतो कशाचा? मातीचा म्हणावा, तर सुक्या मातीला का येत नाही?"

आम्ही उत्तर देणार, तोच मागच्या चटईवरून एकजण म्हणाला, "ते मागाहून सांगा. डॉक्टर म्हणाले, टीबीची गोळी मातीतून निघाली. ती कशी, ते आधी सांगा."

त्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. अर्धी संपलेली. दोन महिने त्याने औषध घेतले. खोकला थांबला, ताप गेला, अंगावर मांस आले. मग त्याने गोळ्या बंद केल्या. पट्टी खिशात तशीच राहिली होती. "बरा झालो, आता गोळी कशाला?" असे त्याचे म्हणणे.

मावशींचा प्रश्न आणि त्याचा प्रश्न, दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते सांगायला आम्हांला चार संध्याकाळी लागल्या. तेच येथे लिहिले आहे.

धागेवाले जंतू

चिमूटभर माती हातावर घ्या. तिच्यात कोट्यवधी जिवंत जंतू असतात. डोळ्यांना एकही दिसत नाही. जंतू म्हटले, की आपल्याला रोग आठवतो. पण मातीतले बहुतेक जंतू आपल्या वाटेला जात नाहीत. ते पाने कुजवतात, शेण मुरवतात, मेलेल्या किड्याची माती करतात. ते नसते, तर झाडाखाली पडलेले पान वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले असते.

या जंतूंत एक घराणे निराळे आहे. त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसीस. नाव लांब आहे, पण एकदा मोठ्याने वाचा, म्हणजे पुढे अडणार नाही. इतर जंतू ठिपक्यासारखे किंवा काडीसारखे असतात. हे मात्र बुरशीसारखे धागे काढतात. धागे मातीत पसरतात. अन्न संपत आले, की काही धागे वर उभे राहतात आणि त्यांच्या टोकाला बारीक बी धरते. आपण त्यांना धागेवाले जंतू म्हणू.

मावशींच्या वासाचे मालक हेच. ते जिओस्मिन नावाचा एक पदार्थ करतात. सुक्या जमिनीत तो अडकून राहतो. पावसाचा थेंब आपटला, की हवेच्या बारीक बुडबुड्यांबरोबर तो वर उडतो. अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली तो वेगळा काढून त्याला हे नाव दिले. आपले नाक या वासाला फार तिखट आहे. नगण्य मात्रा असली तरी ते ओळखते. बरे, जंतू हा वास काढतात कशाला? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक कारण पुढे आले. मातीत उड्या मारणारे अगदी बारीक किडे असतात. ते या वासामागे येतात, धागे खातात आणि अंगाला चिकटलेले बी दुसरीकडे नेऊन टाकतात. म्हणजे पिकल्या आंब्याचा वास जे काम करतो, तेच हा करतो.

पण हे धागेवाले वासावर थांबत नाहीत. ते औषधही करतात.

कोंबडीच्या घशातले औषध

१९४३ सालची गोष्ट. अमेरिकेत रटगर्स नावाच्या विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ नावाचा २३ वर्षांचा मुलगा शिकत होता. शेतकऱ्याघरचा. त्याचे गुरू सेल्मन वॅक्समन हे मातीतल्या जंतूंचे मोठे जाणकार होते. त्या वेळी क्षयरोगावर, म्हणजे टीबीवर, खात्रीचे औषध नव्हते. चांगली हवा, विश्रांती, दूधअंडी एवढाच उपाय. पेनिसिलीन निघाले होते, पण टीबीच्या जंतूला त्याचे काही वाटत नसे.

शॅट्झ तळघरात काम करी. टीबीचे जंतू वरच्या मजल्यावर नकोत, अशी इतरांची भीती. तो एका बशीत मातीतले जंतू वाढवी आणि शेजारी रोगाचे जंतू पेरी. कोणाच्या शेजारी रोगाचे जंतू वाढत नाहीत, ते पाही. १९४३ च्या ऑक्टोबरात त्याला दोन धागेवाले मिळाले. एक चांगल्या शेणखत घातलेल्या जमिनीतला. दुसरा एका कोंबडीच्या घशातला. कोंबडी माती टोचते, तेव्हा तिच्या घशात तो असणारच. या दोघांभोवती रोगाचे जंतू वाढत नव्हते. त्यांच्यापासून जे औषध निघाले, ते स्ट्रेप्टोमायसिन. टीबीच्या जंतूला मारणारे माणसाच्या हाती आलेले पहिले चांगले औषध. आपल्या आजोबा-आजींच्या वेळी टीबीवर जी सुई टोचत, ती याचीच.

१९५२ साली या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते एकट्या वॅक्समनना. शॅट्झ आधीच, १९५० साली, न्यायालयात गेला होता. तडजोड झाली आणि तो सहसंशोधक आहे, असे मान्य करण्यात आले. पण पारितोषिकात त्याचे नाव आले नाही. आम्हांला विचाराल तर तळघरात बसून काम करणाऱ्या पोरावर तो अन्यायच झाला. गुरूने दिशा दाखविली होती, हेही तितकेच खरे.

वर्गात एक आजोबा होते. ते म्हणाले, "जंतूने आपल्यासाठी औषध केलं म्हणायचं!"

नाही आजोबा. जंतूला आपण ठाऊकही नाही. तो करतो ते स्वतःसाठी करतो. आणि सदासर्वदा करीत नाही. पोट भरलेले असते तेव्हा करीत नाही. कधी करायचे आणि कधी नाही, याची त्याच्याकडे एक रीत आहे. खरा धडा तोच आहे.

चार अक्षरांची बाराखडी

प्रत्येक जंतूच्या आत एक लांबच लांब धागा असतो. तो धागा म्हणजे जंतूची वही समजा. आपल्याला बाराखडी पाठ करता करता घाम फुटला. या वहीत अक्षरे फक्त चार. तीच चार अक्षरे उलटसुलट क्रमाने लाखो वेळा येतात. कुठला पदार्थ कसा करावा, हे त्या क्रमात लिहिलेले असते. एका पदार्थाची कृती म्हणजे वहीचे एक पान. शास्त्रज्ञ त्या पानाला जनुक म्हणतात. आई-बापाकडून मुलाला रूप येते, तेही अशाच पानांतून.

२००२ साली धागेवाल्यांपैकी एकाची संपूर्ण वही इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी वाचून काढली. ८६ लाखांहून अधिक अक्षरे भरली. पाने सुमारे ७,८००. एवढ्याशा जीवाची एवढी मोठी वही!

आता वही आहे, म्हणून सगळी पाने एकदम वाचायची नसतात. घरात पुरणपोळीची कृती ठाऊक असली तरी रोज पुरण शिजत नाही. डाळ, गूळ, सरपण, वेळ सगळेच लागते. जंतूचेही तसेच. औषध करणे हे खर्चाचे काम आहे. स्ट्रेप्टोमायसिन करायला वहीतली पंचवीसहून अधिक पाने लागतात. ती एका जागी, जुडी बांधल्यासारखी असतात. जुडीला एरवी कुलूप असते.

ते कुलूप कसे उघडते, ते बघा.

मे महिन्याच्या अखेरीस तुम्ही होडी किनाऱ्यावर ओढता. दोन माणसे आली तर दोरखंडाला कोणी हात लावत नाही. दहा आली तरी थांबतात. वीस-पंचवीस जमली, की एकजण आरोळी देतो आणि सगळे मिळून ओढतात. एकट्यादुकट्याने जोर लावला, तर कंबर मोडेल आणि होडी तिथेच.

औषधाचेही असेच आहे. एका जंतूने थेंबभर औषध केले, तर ते पाण्यात विरून जाईल. पुष्कळ जणांनी एका वेळी केले तरच शेजारच्या शत्रूला बाधते. पण जंतूला डोळे नाहीत, तोंड नाही. आपण किती जमलो आहोत, हे त्याने ओळखावे कसे?

तो एक पदार्थ थोडा थोडा बाहेर सोडत राहतो. त्याला ए-फॅक्टर म्हणतात. सोव्हिएत रशियातील शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात तो शोधला. पुढे जपानमधील शास्त्रज्ञांनी त्याचे काम उलगडून दाखविले. जंतू थोडे असले, की हा पदार्थही थोडा. जंतू वाढले, दाटी झाली, की तो साचत जातो. आणि साचायला तरी किती लागतो? दोनशे लिटरच्या पिंपात मिठाचा एक बारीक दाणा टाका. त्या पाण्यात जेवढे मीठ, साधारण तेवढा पुरतो.

ही आरोळीच समजा. आता ती ऐकणारा कोण? जुडीच्या वाटेवर एक पहारेकरी बसलेला असतो. तोही एक पदार्थच. तो एका पानावर ठाण मांडून बसतो आणि ते पान वाचू देत नाही. ए-फॅक्टर येऊन त्याला चिकटला, की त्याची पकड सुटते. तो पानावरून उठतो. पान मोकळे झाले, की त्यातून एक कारभारी तयार होतो. कारभारी पुष्कळ कामे काढतो. वर उभ्या राहणाऱ्या धाग्यांचे आणि बियांचे काम त्याच्याच हाताखाली चालते. औषधाच्या कामावर तो एक मुकादम नेमतो. हा मुकादम जाऊन ती पंचवीसएक पानांची जुडी उघडतो. मग औषध सुरू होते.

शास्त्रज्ञ या तिघांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. आपल्याला पहारेकरी, कारभारी आणि मुकादम एवढे पुरे.

हे खरे कशावरून? काही धागेवाल्यांत ए-फॅक्टर करण्याची शक्ती नाहीशी झालेली असते. असा जंतू औषध करीत नाही आणि बीही धरीत नाही. नुसता पसरलेला राहतो. त्याला बाहेरून किंचित ए-फॅक्टर दिला, की दोन्ही कामे सुरू होतात. याउलट पहारेकरीच मोडलेला असेल, तर आरोळी न होताच, वेळेच्या आधी, औषध सुरू होते. दोन्ही बाजूंनी तपासून पाहिल्यावर शास्त्रज्ञांची खात्री पटली.

मावशींनी विचारले, "आणि पोट भरलेलं असताना करीत नाही म्हणालात, त्याचं काय?"

तेही कुलूपच, पण दुसरे. याचे उदाहरण तर तुमच्याच घरातले आहे. कोळंबी सोललीत, की साल उरते. ती साल ज्या पदार्थाची असते, तो एका साखरेच्या कड्या जोडून झालेला असतो. किड्यांच्या पाठीवर आणि बुरशीच्या अंगातही तोच पदार्थ असतो. जमिनीतले धागेवाले तो खातात. ही साखर त्यांना मिळाली, की ते दोन अर्थ लावतात. आजूबाजूला खायला मुबलक असेल तर अर्थ असा: दिवस चांगले आहेत, वाढत राहा, औषध नको. आजूबाजूला दुष्काळ असेल तर अर्थ उलटा: आता आपल्यातलेच जुने धागे विरघळू लागले आहेत, संकट आले, औषधाची जुडी उघडा. हे कोडे २००८ साली सुटले. साखर एकच, पण भरल्या घरी तिचा निरोप वेगळा आणि रित्या घरी वेगळा.

दुष्काळात औषध करण्यात शहाणपण आहे. अन्न संपले, की धागेवाला आपलेच जुने धागे विरघळवतो आणि त्या रसावर बी धरतो. त्या रसावर टपून इतर जंतू येतात. त्यांना दूर ठेवायला औषध कामी येत असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते. सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे येऊ नयेत म्हणून पोर बसवतात ना, तसे.

करणारा स्वतः मरत नाही तो कसा?

हा प्रश्न खिशात पट्टी ठेवणाऱ्याने विचारला. आम्हांला तो फार आवडला. स्ट्रेप्टोमायसिन जंतूला मारते, आणि धागेवाला स्वतः जंतूच आहे. मग तो आपल्याच विषाने का मरत नाही?

मुकादमाच्या पानालाच लागून दुसरे एक पान आहे. दोन्ही पाने एकदम वाचली जातात. त्या दुसऱ्या पानावर उतारा लिहिलेला आहे. म्हणजे औषधाची जुडी उघडायला मुकादम निघाला, की उताराही त्याच वेळी तयार होऊ लागतो. हा उतारा औषधाच्या तोंडाला एक झाकण बसवतो. झाकण लावलेले औषध निरुपद्रवी. ते तसेच अंगाबाहेर पाठवायचे आणि बाहेर गेल्यावर झाकण काढायचे. कोयता म्यानात घालून न्यावा आणि माडावर चढल्यावर उपसावा, तसा हा प्रकार.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. औषध आणि औषधावरचा उतारा, दोन्ही मातीत लाखो वर्षांपासून आहेत. माणसाला औषध आत्ता सापडले. उतारा जंतूंना आधीपासून ठाऊक आहे. काही जंतू आपल्या वहीतली पाने दुसऱ्या जंतूंना देतातही. पोटातले, जखमेतले कितीतरी जंतू अशीच उताऱ्याची पाने मिळवून औषधाला दाद देईनासे झाले आहेत.

पिंपरीची टाकी

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ साली तेथे पेनिसिलीन निघू लागले. पेनिसिलीन बुरशीपासून होते, धागेवाल्यांपासून नाही. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तेथे होऊ लागले.

औषध कसे करतात? मोठमोठ्या पोलादी टाक्यांत साखर, सोयाबीनचे पीठ असे खाद्य घालतात, आधी ते उकळून शुद्ध करतात. मग विरजण लावावे तसे जंतूंचे बेणे सोडतात. खालून सतत हवा देतात. आणि येथेच ती कुलपाची गोष्ट आडवी येते. खाद्य जास्त झाले, विशेषतः ज्यापासून खत करतात ते फॉस्फेट जास्त झाले, तर जंतू फुगतात, पण औषध करीत नाहीत. अगदी उपाशी ठेवले तर वाढतच नाहीत. म्हणून आधी पोटभर द्यायचे आणि मग हात आखडता घ्यायचा. शिवाय रानातला जंतू औषध फार थोडे करतो. त्याला तेवढेच लागते. कारखान्याला पुष्कळ लागते. म्हणून हजारो जंतूंतून ज्याचे कुलूप ढिले आहे असा निवडायचा, त्याच्या पिलावळीतून पुन्हा निवडायचा. बियाण्यासाठी आपण चांगले कणीस राखतो, तेच हे काम.

पिंपरीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते एम. जे. तिरुमलाचार. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या एका धागेवाल्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध काढले. १९६१ साली ते जाहीर झाले. माणसाच्या तोंडात, अंगावर बुरशीचा रोग होतो, त्यावर ते उपयोगी पडले. त्या जंतूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पिंपरीचे नाव जगाच्या जंतूशास्त्रात असे जाऊन बसले. १९६४ साली त्यांनीच ऑरिओफंजिन काढले. ते माणसासाठी नव्हे, पिकासाठी. भातावरचा करपा, लिंबूवर्गातील डिंक्या यांवर ते वापरले गेले.

मुलुंडची बुरशी

पिंपरी लांब वाटत असेल तर जवळचे ऐका. मालाडच्या पूर्वेला कुरारच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. तो ओलांडला, की पलीकडे मुलुंड. तेथे हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील शास्त्रज्ञ औषधाच्या शोधात मातीतले जंतू आणि बुरशा तपासत. १९८७ साली त्यांनी एका बुरशीपासून निघालेला नवा पदार्थ जाहीर केला. तो बुरशीवर मारा करणारा होता. नाव ठेवले मुलुंडोकँडिन. मुलुंडचे नाव थेट औषधाला!

मुलुंडोकँडिन दुकानात आले नाही. त्याच घराण्यातली दुसरी औषधे मात्र पुढे आली आणि आज रुग्णालयांत वापरली जातात. २०१६ साली परदेशातील शास्त्रज्ञांनी त्या जुन्या बुरशीची सगळी वही वाचली. ती निराळीच जात निघाली, आणि तिचे नाव मुलुंडेन्सिस असे कायम केले. तिच्यात आणि तिच्या एका जवळच्या नातलगात अशा पदार्थांच्या ३३ जुड्या सारख्या आढळल्या.

यात विशेष काय? विशेष असे, की धागेवाल्यांच्या काय किंवा बुरशीच्या काय, वहीत जुड्या पुष्कळ, पण प्रयोगशाळेच्या बशीत उघडतात त्या चार-दोन. २००२ साली जी वही वाचली, तीत वीसहून अधिक जुड्या होत्या. त्या जंतूपासून तोवर हाती आलेले पदार्थ थोडेच. बाकीच्या कुलपात. पहारेकरी कोण, त्याला कोणती आरोळी ऐकू येते, हे कळले तर त्या जुड्याही उघडता येतील. आज जगातले कितीतरी शास्त्रज्ञ याच कामात आहेत. नवे औषध शोधायला नवी माती हवीच असे नाही. जुन्या मातीतली बंद पाने उघडली तरी मिळेल.

नवे औषध हवे कशाला, असे कोणी विचारील. तर आता त्या पट्टीकडे या.

पाच वर्षांनंतरचा हिशेब

स्ट्रेप्टोमायसिन निघाल्यावर इंग्लंडमध्ये त्याची नीट परीक्षा झाली. १९४८ साली तिचे निकाल छापले गेले. ५५ रोग्यांना अंथरुणात विश्रांती आणि औषध दिले. ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण औषध सगळ्यांना पुरेल इतके नव्हते. सहा महिन्यांनी पाहिले. औषधवाल्यांतले ४ गेले होते. नुसत्या विश्रांतीवाल्यांतले १४. सगळ्यांना केवढा आनंद झाला असेल!

पाच वर्षांनी पुन्हा मोजले. औषधवाल्यांतले ३२ मेलेले. दुसऱ्यांतले ३५.

हे आकडे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिले. पट्टीवाला बराच वेळ फळ्याकडे पाहत होता.

असे का झाले? टीबीचा जंतू दुसऱ्यांकडून पाने मागत नाही. पण तो वाढताना आपली वही उतरवून घेतो, आणि उतरवताना चूक होते. आपण फळ्यावरचे वहीत उतरवताना काना राहतो, वेलांटी उलटी पडते, तशी. कोट्यवधी जंतूंतून एखाद्याची चूक अशी पडते, की औषध त्याला लागू होत नाही. बाकीचे मरतात. तो राहतो, आणि त्याची पिलावळ छाती भरून टाकते. पहिल्या सहा महिन्यांत रोगी बरा दिसतो, कारण मरणारे मेलेले असतात. खोकला थांबतो, भूक लागते. मागे उरलेले थोडे असतात, दिसत नाहीत.

उपाय असा निघाला, की एका वेळी दोन-तीन निरनिराळी औषधे द्यायची. एकाच जंतूच्या हातून सगळ्या औषधांना चकविणाऱ्या चुका एकदम होणे फार दुर्मिळ. आज साध्या टीबीला आपल्याकडे सहा महिने औषध असते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. त्यांतले रिफाम्पिसिन हे मातीतल्या जंतूचेच. १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मातीतून तो जंतू मिळाला. त्यापासून इटलीत निघालेल्या पदार्थात सुधारणा करून हे औषध तयार झाले. गोळी घेतल्यावर लघवी तांबूस-नारिंगी होते ना? ते याच औषधाने. घाबरायचे कारण नाही. स्ट्रेप्टोमायसिनची सुई साध्या टीबीला आता देत नाहीत. तिने कानाला अपाय होई, कित्येकांना बहिरेपण आले.

दोन महिन्यांत थांबले, तर काय होते? पुष्कळ जंतू मेलेले असतात, पण काही झोपून असतात. ते जागे होतात. गोळी कधी घेतली, कधी नाही, असे केले तर आणखी वाईट. त्यांतून चुकीचा जंतू निवडला जातो. कारखानदार चांगला जंतू निवडतो, तसे आपण आपल्याच छातीत वाईट जंतू निवडत बसतो. तो जंतू मग खोकल्यातून घरच्यांना मिळतो, आणि त्यांना पहिल्या दिवसापासूनच ते औषध लागू होत नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही रोग्यांची माहिती छापली, की ज्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेले एकही औषध चालत नव्हते. या प्रकाराला नाव काय द्यावे, यावर वाद झाला. रोगी मात्र खरे होते. त्यानंतर बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आली आहेत. ती जपून वापरावी लागतात.

एक गोष्ट आता तुम्हांला वाचता येते म्हणून सांगतो. घरातली कुठलीही औषधाची पट्टी उलटी करून पाहा. जंतूंवरच्या औषधाच्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. २०१६ साली आरोग्य मंत्रालयाने या रेघेची ओळख लोकांना करून देण्याची मोहीम काढली. ती रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घ्यायचे नाही, आणि घेतले तर सांगितले तितके दिवस पुरे करायचे. शेजारणीला उरलेल्या दोन गोळ्या द्यायच्या नाहीत. सर्दीला, साध्या पडशाला त्या गोळीचा उपयोग नाही. मावशींनी घरून सहा पट्ट्या आणल्या. तिघींनी मिळून रेघ शोधली. दोन पट्ट्यांवर सापडली. त्यातली एक सुनेच्या सर्दीसाठी आणलेली होती.

पट्टीवाला दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रावर गेला. थुंकी पुन्हा तपासली. औषध अजून लागू होत होते. तेवढे त्याचे नशीब. डॉक्टर रागावले आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मिळालेले कार्ड तो वर्गात घेऊन आला. तारखा त्याने स्वतः वाचल्या, एक अडली ती मावशींनी सांगितली. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, तेव्हा त्याच्या गोळ्या संपायला चार महिने होते. होडीवरच्या जेवणाच्या डब्याला एक खण असतो. त्यात पूर्वी तो तंबाखू ठेवी. आता तेथे गोळ्या असतात, असे त्याच्या भावाने सांगितले.